घरपोच एआय (कृत्रिम रेतन) सर्व्हिस: ५ पैकी ४ स्टार, आणि आधीच्या सर्व्हिसचा १ स्टार मागे

गेलं सव्वा वर्ष मी गाईंसाठी एक घरपोच एआय सर्व्हिस वापरतोय, म्हणजे फोन केला की माणूस कंटेनर घेऊन गोठ्यावर येतो, गाय बघतो, कांडी (बैलाचं गोठवलेलं सिमेन म्हणजे वीर्य असलेली बारीक नळी) भरतो, लिहून घेतो आणि जातो. ५ पैकी ४ स्टार. नाव टाकत नाहीये, कारण तुमच्याकडे जो कोण येतो त्याच्याकडे काय बघायचं हे कळलं की माझ्या सर्व्हिसचं नाव कळून तसा काही उपयोग नाही. अजून एक, याच्या आधीच्या सर्व्हिसला मी रागाच्या भरात १ स्टार दिला होता, त्यातला निम्मा राग चुकीच्या माणसावर निघाला होता, तो रिव्ह्यू काढून टाकलाय. का ते खाली येईलच. लांबलंय जरा, धारा काढून झाल्यावर निवांत वाचा.

गोठा छोटा आहे, आठ गाई आणि तीन कालवडी. आठ गाईंवरून किती टक्के गाभण राहतात हे सांगणं म्हणजे चार वेळा नाणं उडवून छापा जास्त येतो म्हणण्यासारखं आहे, त्यामुळे ते मला विचारू नका. एवढं लक्षात ठेवा की चांगल्या सांभाळलेल्या कालवडी पहिल्याच भरणीत निम्म्याहून जास्त गाभण राहतात आणि भरपूर दूध देणाऱ्या होल्स्टिन गाईंमध्ये तोच आकडा ३५-४० टक्क्यांच्या आसपास आला तरी तो बरा धरतात. म्हणजे सगळं बरोबर करूनही गाय उलटू शकते, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येऊ शकते. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर तो १ स्टार मी दिलाच नसता.

सुरुवात फोनपासून होते. मी पहिल्यांदा फोन करून म्हटलं, डॉक्टर, गाय माजावर आहे, लगेच या. (आपण सगळ्यांनाच डॉक्टर म्हणतो, तो स्वतः म्हणाला मी तंत्रज्ञ आहे दादा, डॉक्टर नाही, तरी आम्ही डॉक्टरच म्हणतो.) पलीकडून प्रश्न सुरू. पहिलं कधी दिसलं? दुसरी गाय अंगावर चढली तर ही गप उभी राहते का, की नुसती हीच दुसऱ्यांवर चढतेय? बळस (माजातला चिकट स्राव) कशी आहे, काचेसारखी की गढूळ? व्यायली कधी? आणि मग जो प्रश्न मला तेव्हा फालतू वाटला होता तो, काल रात्री शेवटचं गोठ्यात कधी गेला होता? मला वाटलं याला यायचा कंटाळा आलाय म्हणून टाईमपास करतोय. आता कळतंय की त्या एका प्रश्नासाठीच त्याला मी अर्धा स्टार जास्त द्यायला पाहिजे.

कारण असं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहे, तो १९४० च्या दशकातल्या संशोधनातून आलाय आणि अजून चालतो. त्याच्यामागचं गणित सोपं आहे. गाय उभी राहायला लागल्यापासून (म्हणजे दुसरी अंगावर चढली तरी गप उभी) साधारण २४ ते ३० तासांनी बीजांड सुटतं, म्हणजे माज ओसरल्यावर, माजात असताना नाही. सुटलेलं बीजांड फार तर ६ ते १२ तास कामाचं असतं. शुक्राणू आत २४ तासांच्या आसपास टिकतात पण गेल्या गेल्या ते तयार नसतात, त्यांना तयार व्हायला आणि बीजनलिकेपर्यंत पोचायला काही तास लागतात. म्हणजे बीजांड यायच्या आधी शुक्राणू तिथे जाऊन बसलेले पाहिजेत, पण इतके आधीही नकोत की वाट बघून मेले. लवकर भरलं तर हे मरतात आणि उशिरा भरलं तर बीजांड शिळं होतं, अशा शिळ्या बीजांडाला फळ धरलं तरी गर्भ कमकुवत निघून आतल्या आत जिरू शकतो.

घोळ होतो तो नियमातल्या "दिसला" या शब्दात. दिसला कधी आणि सुरू झाला कधी यात मोठा फरक पडतो. गाईंचं एकमेकींवर चढणं संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जास्त चालतं, म्हणजे नेमकं आपण झोपलेले असताना, आणि जास्त दुधाच्या गाईंमध्ये तर उभं राहण्याचा काळ कधी कधी ७-८ तासांवर येतो, तोही सलग नाही. समजा रात्री नऊला सुरू झालं आणि मला सकाळी सहाला दिसलं. नियमाने मी संध्याकाळी सहाला बोलावणार. झाले २१ तास! सुरुवात नक्की माहीत असेल तर ४ ते १४ तासांच्या आत भरलेलं बरं, म्हणून हा माणूस विचारतो की रात्री शेवटचं कधी बघितलं होतं आणि त्यावरून ठरवतो की दुपारीच यायचं की संध्याकाळी. आधीचा माणूस विचारायचा नाही. पण खरं सांगायचं तर त्याने विचारलं असतं तरी मला उत्तर देता आलं नसतं, रात्री नऊनंतर मी गोठ्यात पाऊलच टाकत नव्हतो.

आता कपिलीची गोष्ट. दुसऱ्या वेताची, दुधाला जोरदार, चार वेळा भरून चारही वेळा उलटली. तीन भरण्या गेल्या की तिच्यावर रिपीट ब्रीडरचा (सारखी उलटणारी) शिक्का बसतो आणि आजूबाजूचे विकून टाक म्हणायला लागतात. मी सगळा दोष आधीच्या सर्व्हिसवर टाकला, सिमेन फालतू, माणूस फालतू, १ स्टार. नवीन माणूस आला तेव्हा त्याने गाईच्या आधी माझी वही मागितली. वही म्हणजे काय, कॅलेंडरवरच्या खुणा, आणि त्या पण आईने केलेल्या. त्याने बसून तारखा लावल्या. भरण्यांमधलं अंतर २०, २२, २१ दिवस. म्हणाला अंतर सरळ आहे, १८ ते २४ च्या आत आहे, याचा अर्थ एकतर गर्भ धरलाच नाही किंवा धरून पहिल्या पंधरवड्यातच गेला. २८-३५ दिवसांनी वगैरे वाकडंतिकडं उलटली असती तर गर्भ धरून नंतर गेल्याची शंका घ्यायची, किंवा मधला एक माज आपल्या हातून सुटल्याची. मग त्याने आईला विचारलं की भरल्यावर शेपटीला रक्त दिसायचं का. आई म्हणाली हो, दरवेळी, दुसऱ्या दिवशी सकाळीच.

माझ्या डोक्यात तेव्हा रक्त म्हणजे माणसाच्या हाताने जखम झाली असा पक्का समज होता. तसं नसतं. माज संपून एक ते तीन दिवसांनी बऱ्याच गाई आणि कालवडी थोडं रक्त टाकतात, ते नैसर्गिक आहे, त्यावरून गाभण आहे की नाही यातलं काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच की माज होऊन गेला. वेळेवर भरलेली गाय रक्त टाकणार असेल तर ते साधारण दोनेक दिवसांनी दिसायला पाहिजे, आणि कपिली दुसऱ्या दिवशी सकाळीच टाकत होती, चारही वेळा. म्हणजे चारही वेळा बहुतेक गाडी गेल्यावर आम्ही स्टेशनवर पोचत होतो. सकाळी मला दिसायचं, दुपारी जेवून मी फोन करायचो, तो माणूस रात्री किंवा दुसऱ्या दिवशी यायचा, आणि कपिली मुळात आदल्या रात्रीच उभी राहिलेली. यात त्याचा उशीर होता हे खरं आहे, पण माझा त्याहून जास्त होता. म्हणून तो जुना रिव्ह्यू काढला.

ज्यांच्याकडे गाय माजावर नसतानाही रक्त, घाण किंवा पू दिसतो त्यांनी हे वाचून निवांत बसू नका, ते वेगळं, त्याला खरा डॉक्टर बोलवा.

तेव्हापासून नियम केलाय, सकाळी धारेच्या आधी, दुपारी, आणि रात्री साडेनऊ-दहाला असं तीन वेळा वीस-वीस मिनिटं गाई मोकळ्या सोडून नुसतं बघत बसायचं, मोबाईल खिशात. बांधलेली गाय माज दाखवणार कशी? आणि घसरड्या कोब्यावर ती चढायला घाबरते, मातीवर सोडली की तीच गाय वेगळी वागते. पाय दुखत असेल तरी माज दबून राहतो. शेपटीच्या मुळाशी पेंट लावायची आयडिया पण त्यानेच दिली, पेंट पुसला गेला की रात्री कोणीतरी चढून गेलंय. मोठ्या गोठ्यांवर गळ्यात किंवा पायाला लावायचे सेन्सर असतात, मला आठ गाईंसाठी ते नकोत, आई आहे.

बरं, आता तो प्रत्यक्ष काय करतो ते. हा भाग मी मुद्दाम बारीक लिहितोय कारण इथेच माणूस ओळखता येतो.

कंटेनर. लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो आणि कांडी सतत त्याच्यात बुडालेली पाहिजे. माझ्याकडे येणारा माणूस दर आठवड्याला पट्टी घालून लेव्हल बघतो आणि वहीत लिहितो, मी एकदा सहज वही मागितली तर दाखवली. कांडी काढताना तो आतली कांड्यांची डबी कंटेनरच्या मानेच्या वर आणत नाही, मानेतच ठेवून चिमट्याने एक कांडी उचलतो, पाच-सात सेकंदांचं काम. एकदा कांडी सापडेना तर डबी परत खाली सोडली, थोडं थांबला आणि मग पुन्हा वर घेतली. आधीचा माणूस डबी पूर्ण बाहेर काढून उन्हात धरून बैलाचे नंबर वाचायचा, आणि मला वाटायचं किती काळजीने निवडतोय! त्या डबीतल्या बाकीच्या कांड्या तेवढ्यात गरम होऊन परत गार व्हायच्या, त्यात बर्फाचे कण वाढतात आणि शुक्राणूंची आवरणं फाटतात, आणि हे नुकसान परत नायट्रोजनमध्ये बुडवून भरून निघत नाही. बरं, कांडी बाहेरून तशीच दिसते. माझी कांडी चांगली निघाली असेल कदाचित, माझ्यानंतरच्या चौघांचं काय झालं असेल देव जाणे.

मग वितळवणं. थर्मासमध्ये ३५ ते ३७ अंशांचं पाणी, थर्मामीटर बुडवून बघितलेलं, कांडी आत, मोबाईलवर ४० सेकंद. बाहेर काढून टिश्यूने कोरडी करतो कारण पाण्याचा थेंबसुद्धा शुक्राणूंना चालत नाही. थंडीच्या दिवसात गन (कांडी बसवून आत घालायची लांब सळी) आधी हाताने चोळून कोमट करतो, गार लोखंडात कोमट कांडी घातली तर केलेलं सगळं वाया. सील असलेलं टोक सरळ कापतो, तिरकं नाही, तिरकं कापलं तर शीथमध्ये (गनवर चढवायचं प्लास्टिकचं आवरण) नीट बसत नाही आणि अर्धं सिमेन मागे राहतं. हे सगळं मी त्याच्याकडूनच शिकलो, विचारलं की सांगतो, चिडत नाही. वितळवल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत काम संपतं. दोन गाई असतील तर एक झाल्यावरच दुसरी कांडी काढतो. आधी मी काय काय बघितलंय! कांडी शर्टाच्या खिशात घालून आलेला माणूस, तळहातात चोळून वितळवणारा माणूस, गोठ्यातल्या बादलीत बोट बुडवून "आहे कोमट" म्हणणारा माणूस. बोटाला ३० पण कोमट लागतं आणि ४२ पण.

एका ०.२५ मिलीच्या कांडीत साधारण दीड-दोन कोटी शुक्राणू असतात, त्यातले निम्मे वितळल्यावर जिवंत फिरताना दिसले तरी ती कांडी पास. ऐकायला खूप वाटतं पण वळू स्वतः एका वेळेला शेकडो कोटी सोडतो. तो योनीतच सोडतो आणि तरी भागतं कारण माल भरपूर असतो. आपण इतक्या कमीत भागवतोय कारण आपण गर्भाशयाच्या मुखाच्या पलीकडे नेऊन सोडतो. म्हणून जागा चुकली की खेळ खलास. हात गुदद्वारातून, गन खालून, सुरुवातीला तिरकी वरच्या बाजूला म्हणजे मूत्राच्या वाटेत शिरत नाही, मग गर्भाशयमुख हातात धरून त्याच्या तीन-चार कड्या एकेक करून गनवर चढवायच्या. शेवटची कडी सुटली की थांबायचं, तिथेच, हळूहळू पाचेक सेकंदांत दाबायचं. घाई करणारे दुसऱ्या-तिसऱ्या कडीतच दाबून मोकळे होतात आणि बराचसा माल मागे वाहून येतो. हा भाग बाहेरून आपल्याला दिसत नाही, पण एक खूण आहे, माणूस हाताने कसं करतोय बघा, गन पुढे ढकलतोय की मुख गनवर ओढतोय. ढकलणारा नको.

स्वच्छतेत त्याला पैकीच्या पैकी. नवा ग्लोव्ह, शेण आधी बाहेर, मग पाण्याने धुणं, मग टिश्यूने कोरडं पुसणं, शीथ शेवटच्या क्षणापर्यंत पाकिटात. शीथ दातात धरणाऱ्याला मी आता दारातूनच परत पाठवेन.

पण मला तो आवडला तो नाही म्हणण्यामुळे. सव्वा वर्षात तीन वेळा त्याने माझी गाय भरायला नकार दिला आणि तिन्ही वेळा भरून पैसे घेऊन जाता आलं असतं. पहिल्यांदा तांबडी. मी म्हटलं माजावर आहे, त्याने हात घालून बघितलं आणि म्हणाला गर्भाशयाला ताठरपणाच नाही, बळस नाही, ही माजावर नाही, नुसती अस्वस्थ आहे. गाय माजावर नसतानाच भरली जाणं हे वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त चालतं, आणि तीच जर आधीची गाभण असली तर आत गन घालून असलेला गर्भही जायचा. दुसऱ्यांदा चंद्री, तिच्या बळसीत पांढरे कण होते. व्यायल्यावर तिची वार अडकली होती, ते त्याने वहीत वाचलं, म्हणाला गर्भाशयात सूज आहे, आता भरलं तर कांडी वाया जाईल, डॉक्टरला दाखवा, उपचार करा, हा माज सोडा. मला २१ दिवस घालवायचं जिवावर आलं होतं. तिसरी एक कालवड, वय झालेलं पण अंगाने बारीक. पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के झाल्याशिवाय भरायची नाही म्हणाला, छातीचा घेर टेपने मोजून वजनाचा अंदाज काढला, आणि अजून दोन महिने खायला घाला असं सांगून निघून गेला, त्या दिवशी फीसुद्धा घेतली नाही.

आता जे त्याच्या हातात नाहीये त्याबद्दल. हा सर्व्हिसचा रिव्ह्यू आहे पण हे लिहिल्याशिवाय स्टारला अर्थ नाही. व्यायल्यानंतर गाय जेवढं खाते त्याहून जास्त दुधात घालते, फरक अंगावरून निघतो. १ ते ५ च्या अंगकाठीच्या गुणांकनात व्यायल्यावर अर्धा गुण उतरला तर चालतं, एकापेक्षा जास्त उतरला की माज उशिरा येतो, मुका (खुणा न दाखवता) येतो, आणि भरलं तरी टिकत नाही. कपिलीच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि मी अभिमानाने सांगायचो की सगळं दुधात घालते! गर्भाशय पूर्ववत व्हायला चाळीसेक दिवस लागतात, त्यामुळे ५०-६० दिवसांच्या आत आलेला माज नुसता लिहून ठेवायचा. खनिज मिश्रण रोज, मूठभर अंदाजाने नाही तर मापाने, फॉस्फरस, तांबं, जस्त, सेलेनियम यातलं काही कमी पडलं की माजावर परिणाम दिसतो. उलट प्रोटीन भसाभस घातलं आणि त्याला साजेशी ऊर्जा नसेल तर रक्तात युरिया वाढतो आणि गर्भ धरायला त्रास होतो, हे मला नवीन होतं, मी पेंड वाढवत चाललो होतो. भरण्याच्या आसपास कासदाह झाला तरी नुकसान.

आणि ऊन. ऊन आणि दमटपणा मिळून जो निर्देशांक काढतात तो ७२ च्या वर गेला की दुधाळ गाईला उन्हाचा त्रास जाणवायला लागतो. भरल्या दिवशी पंखा लावून भागत नाही, कारण आज सुटणारं बीजांड कित्येक आठवडे आधीपासून आत वाढत असतं, तेव्हा बसलेला उन्हाचा त्रास आज भोवतो. म्हणून उन्हाळा संपल्यावरही दीड-दोन महिने गाई उलटत राहतात आणि आपण म्हणतो आता तर गार झालंय, म्हणजे सिमेनच खराब. माझ्या १ स्टारची तारीख बघितली तर नेमकी त्याच दिवसांतली. भरल्यानंतरचा पहिला आठवडा तर फारच नाजूक, त्या काळात सावली, पाणी, हवा, आणि गाडीत घालून कुठे न्यायचं नाही.

सेक्स्ड सिमेनबद्दल (कालवडीच व्हाव्यात म्हणून शुक्राणू वेगळे केलेलं) सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. साधारण १०० तल्या ९० कालवडी होतात हे खरं. पण कांडीत शुक्राणू साध्या कांडीच्या मानाने खूप कमी, २० ते ४० लाख, आणि वेगळे करायच्या मशीनमधून गेल्याने ते थकलेले पण असतात, त्यामुळे गाभण राहण्याचं प्रमाण साध्यापेक्षा कमीच पडतं. या माणसाने मला ते कपिलीत भरू दिलं नाही. निरोगी, वजन झालेल्या कालवडीत, स्पष्ट माज असताना, पहिल्या किंवा दुसऱ्या भरणीला वापरा म्हणाला, उलटणाऱ्या गाईत नाही. मी दोन कालवडींत वापरलं, एक गाभण आहे, एक उलटली, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

तक्रारी. एक स्टार कापला त्याची कारणं.

सुट्टीच्या दिवशी जो दुसरा मुलगा पाठवतात तो कच्चा आहे. थर्मामीटर गाडीत राहिला म्हणाला, मीच घरातून आणून दिला, मग ४० सेकंद मीच मोजले. आत दहा-बारा मिनिटं चाचपडत होता, गाय वैतागली, मी पण. नवीन माणूस शिकणार कुठेतरी हे मान्य, पण शिकायला आलोय हे आधी सांगा, सोबत कोणीतरी असू द्या. एकाच कंपनीच्या दोन माणसांत एवढा फरक असेल तर मी रेटिंग कंपनीला देतोय की त्या एका माणसाला हाच प्रश्न पडतो.

दुसरी, नंतरचा पाठपुरावा नाही. भरून गेले की विषय संपला. २१ व्या दिवशी साधा मेसेज यायला काय हरकत आहे की आज-उद्या लक्ष ठेवा? गाभण तपासणी सोनोग्राफीने ३० व्या दिवसाच्या आसपास होऊ शकते, हाताने दीड-दोन महिन्यांत, पण ती मीच आठवण करून बोलवायची. न उलटली म्हणजे गाभण असं धरून बसलेल्या माणसाला चौथ्या महिन्यात कळतं की गाय रिकामी आहे, तोपर्यंत किती माज गेले मोजा.

तिसरी, पावतीवर बैलाचा नंबर लिहितात पण अक्षर असं की वाचताच येत नाही. मला तो लागतो, पुढे तिच्या कालवडीला तोच बाप नको. आता मी रिकामी कांडीच मागून घेतो आणि वहीत चिकटवतो, त्याच्यावर नंबर, जात, बॅच सगळं छापलेलं असतं. तुम्ही पण मागा, कोणी नाही म्हणत नाही, आणि म्हणालाच तर तो का नाही म्हणतोय याचा विचार करा.

कपिलीचं काय झालं विचाराल. दोन महिने न भरता ठेवली, खुराक बदलला, अंगावर थोडं मांस धरलं, मग एका रात्री पावणेदहाला उभी राहिली, आईने बघितलं, मी तिथूनच फोन केला, सकाळी सातला माणूस हजर. यावेळी रक्त दिसलं ते दोन दिवसांनी. २१ वा दिवस गेला, काही नाही, ४२ वा पण गेला. गुरुवारी तपासणीला बोलावलंय. सुट्टीवाला मुलगा आला तर मी स्टार अजून एकने कमी करेन, तोच नेहमीचा आला तर इथे एडिट करून निकाल टाकतो.